चारच्या जागचं बोट

घड्याळ कसं असावं याबद्दल तेजस्वीची मतं लहानपणापासून कडक होती. आकडे नकोत, तारखेची खिडकी नको, सोनेरी कड तर नकोच नको. तबकडी मात्र अशी हवी, की वेळ बघून झाल्यावरही माणसाने थोडं थांबावं. असली तबकडी तिला कुठल्या दुकानात मिळाली नाही. मिळाली ती वडिलांच्या मिठागरात, गोदू पोटात असताना. बांधावर पडलेला तांब्याचा एक तुकडा खारं पाणी पिऊन असा काही हिरवानिळा झाला होता, की ती तो ओढणीला पुसत घरीच घेऊन आली.

तिथून ‘आगर’ सुरू झालं. आगर म्हणजे मिठागर, पिढ्यान्‌पिढ्यांचं घरचं काम. उरणकडच्या त्यांच्या गावात घड्याळांची कंपनी काढणारी ती पहिलीच, आणि तीही पायाने पाळणा हलवत. आतेभाऊ परेश भागीदार झाला. तो न्हावा शेव्याला बंदरातला माल सोडवण्याच्या कामात. आतली यंत्रं, काचा, पट्टे बाहेरून आणायचे आणि घड्याळं जुळवून घ्यायची, ते सगळं त्याच्याकडे. ‘आगर’ या नावाची नोंदणीही त्यानेच केली, स्वतःच्या नावावर. तेव्हा ती बाळंतपणातून उठली नव्हती. तूच कर रे सही, मला कुठे येववतंय, असं तीच म्हणाली होती. घरच्या माणसाला कोण कागद मागतं?

तबकडी तेवढी तिची. तांब्याच्या चकत्या जाळीत बांधून ती वडिलांच्या हवाली करायची. रावजी त्या वाफ्यातल्या दाट पाण्यात बुडवायचे, उन्हाला वर काढायचे, पुन्हा बुडवायचे. मीठ ओढताना एक डोळा त्यांच्यावर. रंग सावकाश धरायचा, प्रत्येकीचा वेगळा. मग गोदूचा डोळा लागला की तेजस्वी एकेक चकती खिडकीशी धरून बघायची आणि निम्म्याहून जास्त बाजूला सारायची. ही फार हिरवी, ही नुसतीच डागाळलेली, हिच्यात जीवच नाही. परेश म्हणायचा, “हिची पसंती म्हणजे लग्नातल्या आत्याबाईची. साडी दाखवायच्या आधीच नाक वर.” सगळे हसायचे. तीही.

एकदा ती बांधावर बसून चकत्या निवडत होती, तर रांगती गोदू मांडीवरून सटकली आणि ओल्या चकतीवर तिने बोट ठेवलं. रंग चढला, बोट तसंच उमटून राहिलं. वालाच्या दाण्याएवढं, चारचा आकडा असतो त्या जागी. इतकी सुंदर चकती आजवर झाली नव्हती. तेजस्वीने तिच्यावर रोगणाचा हात दिला आणि ती देव्हाऱ्यात ठेवली. पहिल्या राशीतलं मूठभर मीठ त्यांच्याकडे विकत नाहीत, देवापुढे ठेवतात. तसंच हे. परेशला ते सांगायची गरज नव्हती. लहानपणी आजोळी आला की ती मूठ देवापुढे ठेवायला तोच धावायचा.

त्याने फक्त फोटो मागितला होता. लोकांना दाखवायला, म्हणाला. तिनेच चकती खाली काढली, उजेडात नेली, चकाकी नको म्हणून तिरकी धरली. अजून थोडी वर, तो म्हणाला, आणि तिने वर धरली.

फोटो बघून मागण्या आल्या. फोटोखालचं वाक्य तिचं होतं: ‘मिठागरात पिकलेली तबकडी, एकीसारखी दुसरी नाही.’ पसंत केलेल्या चकत्या मऊ फडक्यात गुंडाळून तिने परेशकडे दिल्या आणि फाटकापर्यंत जाऊन पुन्हा सांगितलं, आपटू नको रे.

तयार घड्याळं आली ती भर दुपारी. खोकी ओसरीवर उतरवून परेश गाडी सावलीला लावायला गेला. रावजी भिंतीशी टेकून बसले होते. तेजस्वीने वरचीच डबी उघडली.

चारच्या जागी बोट होतं.

तिने गोदूला जवळ ओढलं. परेशदादाने गुपचूप देव्हाऱ्यातली चकती नेली आणि पहिलं घड्याळ गोदूचं केलं! देव्हाऱ्याकडे बघायचंही तिला सुचलं नाही. घड्याळ तिने गोदूच्या कानाशी धरलं. टिकटिक ऐकून गोदूने मान वाकडी केली. आपल्याला असं सुचलं नसतं, असं तेजस्वीला वाटलं, आणि तिने दुसरी डबी उघडली.

तिच्यातही बोट होतं. तिसरीतही. तीच हिरवी लाट, तोच निळा ठिपका, तेच बोट. ती उघडत गेली. मग आत जाऊन पाहिलं, तर देव्हाऱ्यातली चकती होती तिथेच होती.

परेश रुमालाने मान पुसत आला. त्याचा आवाज समजुतीचा होता. त्या फोटोवरून छापून घेतल्या, म्हणाला. तुझ्या चकत्या एकसारख्या नाहीत, जाडीला कमीजास्त, जुळणीवाले कंटाळले, लोक थांबलेत. तुझी सगळ्यात चांगली होती तीच घेतली ना? माझ्या चकत्या कुठे आहेत, असं तिने विचारलं, तेव्हा तो गोदामात असतील म्हणाला. असतील.

खोक्यात जादा तबकड्यांची एक पुडी होती. तेजस्वीने त्यातली एक घेतली आणि आत जाऊन चिंच-मीठ आणलं. ओसरीवर बसून, घरातला तांब्या घासावा तशी ती घासत राहिली. खरी असती तर हिरवं उतरलं असतं, खालून लाल तांबं उजळलं असतं. काही उतरलं नाही. गोदूचं बोट होतं तस्संच चकचकत राहिलं.

“माणसं घड्याळात वेळ बघतात, तेजू,” परेश म्हणाला. “आणि मी काही चोरून नाही केलं. मामांना विचारलं होतं.”

तिने वर बघितलं. रावजी तिच्या हातांकडे बघत होते. खाऱ्या पाण्याने चिरलेली बोटं, त्यात आता चिंच झोंबत असणार.

“तुझं हात बघवत न्हाय गं पोरी,” ते म्हणाले. “त्याच हातान अंगावरचं पोर सांभालायचं. मी व्हय बोललो.”

परेशवर ओरडता आलं असतं. यावर काय ओरडणार? तिने हात धुतले, गोदूला कडेवर घेतलं. ही घड्याळं पाठवायची नाहीत, एवढंच बोलली. परेश बराच वेळ तिला समजावत राहिला. मग मऊ आवाजातच म्हणाला, नाव माझ्या नावावर आहे गं. खोकी त्याने एकेक करून गाडीत चढवली. रावजी मदतीला उठले नाहीत, पण त्यांनी अडवलंही नाही.

पुढच्या हंगामात तेजस्वी पुन्हा चकत्या घेऊन मिठागरात आली. नव्या घड्याळांना नाव काय द्यायचं हे ठरलं नव्हतं. आता जाळी ती स्वतःच बुडवायची. रावजी थोड्या अंतरावर मीठ ओढत राहायचे, न विचारता जागा करून द्यायचे. गोदू चालू लागली होती. ओल्या चकत्या बांधावर मांडलेल्या पाहून ती दुडुदुडु आली, उकिडवी बसली आणि तिने बोट पुढे केलं.

तेजस्वीने ते वरच्या वर धरलं.

“लावू दे की गं तिला,” रावजी म्हणाले.

तिने ते बोट स्वतःच्या मुठीत घेतलं आणि चकत्या फडक्याखाली झाकल्या. गोदू आधी आईकडे बघत राहिली, मग फडक्याकडे.