भिंतीवरचे तळे

ओल्या पांढऱ्या मातीचा वास आणि मनगटावरून कोपराकडे सरकणाऱ्या काकणांचा बारीक किणकिणाट, या दोन गोष्टी एकत्र आल्या की गिरजाआक्का माझ्या डोळ्यांसमोर उभ्या राहतात. पाठमोऱ्या, पदर कमरेला खोचलेल्या, उजवा हात उंचावून भिंतीवर बगळ्याची मान ओढणाऱ्या. आश्विनातले कोवळे ऊन माजघराच्या दारातून तिरपे आत आलेले असे. मान खालून वर, एका दमात, मध्ये कुठेही हात न उचलता ओढायची, आणि तोवर श्वास रोखून धरायचा, अशी त्यांची रीत होती. रेघ पुरी झाली की त्या हलकेच श्वास सोडीत, आणि मला वाटे, तो श्वास आता त्या बगळ्याने घेतला.

गिरजाआक्का माझ्या थोरल्या जाऊ. मी लग्न होऊन मालेगावला आले तेव्हा त्यांना त्या घरात नांदू लागून पुष्कळ वर्षे झाली होती. घर साधे, शेतकऱ्याचे. मातीच्या भिंती, वर कौले, दाराशी बैलांचा कोठा. दिवाळीच्या आधी गावातल्या सगळ्याच भिंती पांढऱ्या मातीने उजळत, दाराच्या दोन्ही अंगांना कुणी वेलबुट्टी काढी, कुणी स्वस्तिक. आमच्या माजघरात मात्र एक आख्खे तळे उतरे. पैलतीराला बाभळींची रांग, अलीकडे लव्हाळ्यांचे बेट, त्यातून डोकावणारी जांभळी पाणकोंबडी, उथळ पाण्यात लाल डोक्याच्या सारसांची जोडी, आणि अगदी वर, आढ्याच्या जवळ, उत्तरेकडून येणाऱ्या करकोच्यांची लांबच लांब माळ. पाणी आक्का कधी रंगवीत नसत. भिंतीचा पांढरेपणा तसाच ठेवून पक्ष्यांच्या पायांखाली त्यांची उलटी, किंचित थरथरती सावली तेवढी त्या धरीत, आणि पाहता पाहता त्या कोऱ्या मातीचे पाणी होऊन जाई.

गेरू, काजळी, हळद, वालाच्या पानांचा रस, इतकेच त्यांचे रंग. शिंदीच्या काडीचे टोक ठेचून केलेला कुंचला. निळा रंग तेवढा पलीकडच्या गल्लीतल्या करीमचाचांकडून येई. चाचा रंगरेज होते. कोपरापर्यंत त्यांचे हात बारमाही निळे असत. रंगवलेली लुगडी घेऊन ते रिठदच्या बाजाराला जात, आणि परतताना आमच्या कोठ्याशी थांबून खापराच्या तुकड्यातली नीळ आक्कांच्या हातावर ठेवीत. नीळ हे निमित्त होते. खरे तर ते निरोप घेऊन येत.

"पाखरं उतरले बेटी तुह्या तळ्यावर," ते हळूच सांगत. "बाप बी खैरियत हाय."

रिठद हे आक्कांचे माहेर, आणि भिंतीवरचे तळे तिथलेच. सकाळी जुंपलेली गाडी दिवस मावळायच्या आत तिथे पोचे, इतकेच ते दूर. पण आक्कांच्या लग्नाच्या पंगतीत मानपानावरून दोन घरांत शब्दाला शब्द लागला, आणि आमचे सासरे, ज्यांना आम्ही मामाजी म्हणत असू, हातातला तांब्या पालथा घालून उठले. या गावाचे पाणी माझ्या घरचे माणूस पुन्हा पिणार नाही, असे त्यांनी भरल्या मांडवात सांगितले. त्या क्षणी आक्का त्यांच्या घरचे माणूस झालेल्या होत्या. थोरले दीर मवाळ स्वभावाचे. बापाच्या शब्दाबाहेर जाणे त्यांना जमले नाही. पहिली दिवाळी गेली, दुसरी गेली, नागपंचम्या गेल्या. आक्कांचे वडील एकदा गावाच्या वेशीपर्यंत आले, लिंबाखाली बसून राहिले आणि तसेच परतले. त्यानंतर ते करीमचाचांच्या हाती तळ्यातले शिंगाडे तेवढे पाठवीत. आक्का ते चुलीशी बसून एकट्याच सोलीत. मामाजी पाहत, आणि मान फिरवून ओसरीवर निघून जात.

हिवाळ्यात एखाद्या सकाळी करकोचे आमच्या कौलांवरून जात. त्यांचा तो दुरून येणारा, गळ्यात दाटल्यासारखा स्वर ऐकू आला की आक्का पिठाचे हात तसेच घेऊन अंगणात येत आणि शेवटचा ठिपका विरेपर्यंत वर बघत राहत. मी पहिल्याच वर्षी विचारले होते, "आक्का, इतकं आठवून कसं काढता तुमी?"

"आठवा कायले लागते? डोये मिटले का दिसते."

पण वर्षे सरली तशी त्या दिसण्यातही कुठेतरी गळती सुरू झाली. एका दिवाळीला सारसाची आकृती पुरी करून त्या मागे सरकल्या, बराच वेळ उभ्या राहिल्या, आणि ओल्या बोळ्याने त्याचे पाय पुसून टाकले. पुन्हा काढले, पुन्हा पुसले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "एवढेच लांब होते का, आता सांगता येत नाई." त्या आठवड्यात करीमचाचा आले तेव्हा त्यांनी दाराआडून विचारले, "चाचा, सारसाचे पाय किती लांब असतात?"

चाचा ओशाळले. "म्या बाजार पाह्यला बेटी. पाय नाई पाह्यले."

आक्का हसल्या, मीही हसले. पण त्या दिवशी त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला नाही. दूर राहणे त्यांनी कधीचे सोसले होते. विसरणे मात्र त्यांना सोसवत नव्हते, हे मला त्या दिवशी उमगले.

पुढे एका भाद्रपदात मामाजींच्या अंगावरून वारे गेले. उजवे अंग लुळे पडले. वाणी आणि बुद्धी शाबूत राहिली. त्यांची खाट माजघरात आणली, ती नेमकी त्या भिंतीसमोर. उभा जन्म शेताच्या धुऱ्यावर घालवलेल्या माणसाला आता दिवसभर पाहायला एक भिंत उरली. आधी ते डोळे मिटून पडत. मग हळूहळू पाहू लागले. सकाळचे ऊन दारातून येऊन लव्हाळ्यांवर पडे, दुपारी बाभळींपर्यंत चढे, सांजेला साऱ्या तळ्यावर राखी रंग उतरे. त्या उन्हामागोमाग त्यांची नजर काठाकाठाने फिरे.

हिवाळ्याच्या तोंडावर एका दुपारी आक्का त्यांना पेज भरवत होत्या. मी जात्यापाशी दळण निवडीत होते.

"हे लाल डोक्याचं कोन हाय?" मामाजींनी विचारले.

"सारस."

"आन् हे जांभळं, डोकावून राह्यलं ते?"

"पाणकोंबडी. तिची पिल्लं लव्हाळ्यात असतात."

मग डाव्या हाताचे बोट उचलून त्यांनी बाभळींच्या रांगेतली एक मोकळी जागा दाखवली. "इथं काहून काई नाई काढलं?"

आक्कांचा हात वाटीवरच थांबला. "तिथं आमचं घर हाय."

"मंग काढलं काहून नाई?"

"तुमचा शब्द हाय ना."

आवाजात राग नव्हता, रडू नव्हते. मीठ कुठे ठेवले आहे ते सांगावे तसे त्यांनी ते सांगितले. मामाजींनी तोंड फिरवायचा यत्न केला, पण त्यांची मान त्यांच्या स्वाधीन नव्हती. ती मोकळी जागा त्यांच्या समोरच राहिली. वाटीतली पेज गार झाली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी थोरल्या दिरांना हाक मारली. "गाडी जुंप. सुनेले रिठदले घेऊन जाय." मग आक्कांकडे पाहून म्हणाले, "माह्या शब्दाचं मी पाहीन. तू तिथलं पाणी पिजो."

आक्कांनी मलाही सोबत घेतले. त्या साली पाऊस ओढ देऊन गेला होता. वाटेतली तूर गुडघ्याइतकीही नव्हती, नाल्यांत वाळू उघडी पडली होती. आक्का गाडीत ताठ बसून होत्या आणि रिठद येईपर्यंत त्यांनी पुढची वाट सोडून कुठे पाहिले नाही. अंगणात त्यांचे वडील दोर वळत बसले होते. त्यांनी मान वर केली, लेकीला पाहिले, आणि हातातला दोर खाली ठेवायचेही त्यांना सुचेना.

"बाबा, पाणी द्या," आक्का म्हणाल्या.

त्यांनी आतून तांब्या आणला. आक्कांनी ओंजळ धरली आणि अंगणातच उभ्या राहून, पोटभर, हनुवटीवरून ओघळ गळ्यापर्यंत जाऊ देत, त्या पाणी प्यायल्या. म्हातारा ओतत राहिला. मग त्या म्हणाल्या, "तळ्यावर चाला."

"जाऊ नोको पोरी. काई नाई तिथं यंदा."

तरी आम्ही गेलो. बाभळी होत्या, बेट होते, वाळून पिवळे पडलेले लव्हाळे होते, पाणी नव्हते. एवढा थोरला तळ्याचा पसारा भेगाळून उन्हात पडला होता. "करकोचे आले होते," म्हातारा सांगू लागला. "दोन-तीन फेऱ्या मारल्या वरूनच. उतरले नाई. गेले."

आक्का काठ उतरून तळ्यात शिरल्या. ज्या पाण्याकडे पाहत बालपण काढले, त्याच्या तळावरून त्या अनवाणी चालत गेल्या आणि मध्यावर खाली बसल्या. मी जवळ गेले. शेवटचा चिखल वाळताना त्यावर पक्ष्यांची पावले उमटून राहिली होती, तीन बोटांची, शेकडो, एकमेकांना ओलांडत गेलेली. काही नाजूक, काही माझ्या तळहाताएवढी, आणि आता विटेसारखी टणक. आक्का एकेका पावलात बोट घालून ते चाचपत होत्या. एका मोठ्या पावलापासून दुसऱ्यापर्यंत त्यांनी वीत टाकून पाहिली. "पाय लांबच होते," त्या स्वतःशी म्हणाल्या, आणि तेव्हा कुठे त्यांचे डोळे भरून आले.

परतल्यावर दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी पांढरी माती भिजवली आणि मामाजींच्या समोरची भिंत आढ्यापासून खालपर्यंत सारवून टाकली. सारस गेले, लव्हाळे गेले. भिंत वाळल्यावर त्यांनी काजळीत बोट बुडवले आणि खालच्या कोपऱ्यातून पावले उमटवू लागल्या. पावले वर वर जात विरळ होत गेली, आणि आढ्याशी, जिथे पूर्वी करकोच्यांची माळ असे, तिथे काहीच उरले नाही. बाभळींच्या रांगेच्या जागी फक्त एक लहानसे घर होते, उघड्या दाराचे.

"गेले कुठी?" मामाजींनी विचारले.

"वरून गेले."

"अन् तुहा बाप?"

"हाय. तुमाले रामराम सांगतला."

मामाजींनी डोळे मिटले आणि डाव्या हाताने, अर्धाच, रामराम केला. त्या हिवाळ्यात ते त्या पावलांकडे पाहत राहिले, आणि माघात गेले.

पुढच्या वर्षी पाऊस मनासारखा झाला. रिठदचे तळे काठोकाठ भरले, आणि दसरा होताच थोरल्या दिरांनी आपण होऊन गाडी जुंपली. आक्का गेल्या, आठवडाभर राहून आल्या. चेहऱ्यावर एक तकाकी घेऊन, पदराला शिंगाडे बांधून. मी पांढरी माती भिजवून, वालाची पाने वाटून वाट पाहत होते. त्यांनी भिंत सारवली आणि दोन्ही हात धुतले.

"आक्का, तळं?"

"आता जाता येते ना बाई," त्या सहज म्हणाल्या. "काढू कायले?"

त्यानंतर त्यांनी भिंतीवर कधी काही काढले नाही. दर वर्षी त्या जात, आणि मला म्हणत, "चाल, भरलेलं तळं पाहून घे एकदा." त्या वारल्या त्यालाही आता बराच काळ लोटला, रिठदची वाट माझ्यासाठी मोकळीच आहे, तरी मी गेले नाही. त्यांची ओढ त्यांच्यापुरती फिटली. पण त्या ओढीतून भिंतीवर निपजलेल्या पाण्यावर मी माझी कित्येक वर्षे काढली होती, आणि ते पाणी कोणत्याही पावसाने भरणारे नव्हते. काळ माणसाला त्याचे गाव एखादे वेळी परत देतो; त्या गावासाठी झुरताना त्याने जे घडवलेले असते, ते मात्र झुरणे संपताच परके होते, आणि मागे राहिलेल्या कुणाच्या तरी मनात ते आयुष्यभर माहेर शोधत फिरते.