पंचवीस वेळा उत्तर

भिंतीच्या वादात माझ्या अशिलाचा शेजारी, एक निवृत्त मोजणीदार, वकील न लावता स्वतःच भांडत होता. माझ्या पंचवीस लेखी प्रश्नांवर तो तीन महिने मूग गिळून बसला. शेवटी मी कोर्टाचा हुकूम आणला, तेव्हा कुठे कागद परत आले. प्रत्येक प्रश्नाखाली मी छापलेला ‘उत्तर’ हा शब्द खोडून त्याने ‘दक्षिण’ लिहिलं होतं. माझं टाळकंच सटकलं.

“मॅडम, भिंत माझ्या घराच्या दक्षिणेला आहे,” तो न्यायाधीशबाईंना शांतपणे म्हणाला. “वकीलसाहेबांनी पंचवीसदा चुकीची दिशा लिहिली. मी दुरुस्त केली.”

बाईंनी माझा दावा उघडला. त्यातही मी भिंत त्याच्या घराच्या उत्तरेलाच लिहिली होती.

“वकीलसाहेब,” त्या म्हणाल्या, “आता तुम्ही उत्तर द्या.”