महासत्तेचा किरण आणि नेलकटर

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर मेजर उभे होते. कुठल्या सैन्यातले मेजर, ते गुप्त होतं. "हे बाहेर कुठं बोलू नका हं," असं ते मधूनमधून कुजबुजत, आणि तेही माइकवरून.

"एक महासत्ता तुमच्या मेंदूवर किरण सोडतेय! दुसरी तोच किरण वाकवून तुमच्या हृदयावर सोडतेय! थकवा येतो? झोप येत नाही? की झोप फार येते?"

"येते, येते!" अख्खा हॉल ओरडला.

"मी दोघींच्याही हातावर तुरी देऊन त्यांच्या तळघरातून हे आणलंय!" मेजरांनी खिशातून धातूची एक चकचकीत पट्टी काढली.

पहिल्या रांगेत घड्याळजी आ वासून बसले होते आणि शेजारी त्यांची बायको दातओठ खात. तिचा जीव टांगणीला लागला होता. घड्याळजींचं हृदय मंद पडत चाललं होतं, दुकानात चक्कर येऊन ते कोसळलेही होते. पेसमेकर बसवा, उशीर केलात तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ऑपरेशन परवावर आलं, आणि हे म्हणत होते, "छातीत यंत्र? म्हणजे महासत्तेच्या हातात रिमोटच दिला की! मला मेजरांकडून घेतलेली पट्टी पुरे." जन्मभर लोकांच्या घड्याळांत सेल घालणारा हा माणूस!

मेजरांनी श्रोत्यांतल्या एका बेकरीवाल्याला वर बोलावलं, हात आडवा धरायला लावला आणि दोन बोटांनी दाबला. एवढा दांडगा गडी, पण हात झपकन खाली! मग त्याच्या खिशात पट्टी ठेवून पुन्हा दाबला. हात जागचा हलेना. टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला.

बायकोनं हा प्रयोग आधीही पाहिला होता. भाषणाचा वीट आल्यामुळे ती नुसती मेजरांची बोटं बघत बसायची. आज ती उठली.

"मेजरसाहेब, ह्यांची पट्टी चष्म्याच्या डबीत घालून आणलीय. ह्यांच्यावरच दाखवा ना करून."

"अवश्य, ताई!"

तिनं डबी नवऱ्याच्या खिशात ठेवली. मेजरांनी कपाळावर आठ्या आणून हात दाबला. हात ताठ!

"पाहिलंत? दोन्ही महासत्ता चीत!"

"अहो, उघडा ती डबी," बायको म्हणाली.

आत नेलकटर होतं. पट्टी तिच्या पर्समध्ये होती.

हॉल खदखदून हसला. मेजर चाचरले, "तेही... धातूचंच आहे."

"मग काय, माझ्या चमच्यांचा ड्रॉवर सीमेवर नेऊन ठेवा!" तिनं बेकरीवाल्याला हात धरायला सांगितलं. मनगटावर दाबलं, हात खाली गेला. कोपराच्या अलीकडे, खांद्याच्या बाजूला तेवढंच दाबलं, हात राहिला. "दार कडीपाशी ढकलून बघा, मग बिजागरीपाशी. तसंच आहे हे. पट्टी नसली की साहेब मनगट दाबतात, असली की कोपराच्या अलीकडे. किरणबिरण काही नाही."

मग जो तो शेजाऱ्याचा हात दाबून बघायला लागला. त्या गोंधळात मेजर मागच्या दारानं पसार झाले. त्यांच्या आयुष्यातली खरीखुरी गुप्त मोहीम तेवढी एकच असावी.

"महासत्ता गुप्त शस्त्रं बनवत असतीलही," बायको माइकवर म्हणाली. "मला ठाऊक नाही. पण ठाऊक आहे म्हणणाऱ्याकडे पुरावा मागा. आणि प्रयोग त्याच्या हातांनी नको, आपल्या हातांनी करा."

घरी जाताना घड्याळजी हळूच म्हणाले,

"अगं, खरं सांगू? मला किरणांची भीती नव्हती. छाती कापणार, त्याची होती."

तिचे डोळे भरून आले. "मग तसं म्हणायचं ना! घाबरायला महासत्ता कशाला लागते? मीपण घाबरलेय. दोघं मिळून घाबरू, पण परवा हॉस्पिटलात जाऊन."