दफ्तरखान्याची चावी

"चावी कोणापाशी हाय, ते सांगा अगोदर," म्हणत आमचे पेशकार यशवंतराव टेबलाचे खण उपसत होते आणि दफ्तरखान्याच्या दारात महिपतमामा हातपाय झाडत पडले होते.

मामा आमच्या आदिलाबादच्या कचेरीतले जुने शिपाई. त्यांना मिरगी होती. झटका आला की दफ्तरखान्याची वीतभर लोखंडी चावी मुठीत द्यायची, की मामा उठतात, हे कचेरीत सगळ्यांना पाठ. घरचा विळा, कुलूप सगळं करून पाहिलं म्हणे, पण गुण ह्याच चावीला. आणि सरकारी चावी गावाबाहेर कशी न्यायची? म्हणून बावीस वर्षांत मामांनी शीव ओलांडली नव्हती. दमयंतीला, एकुलत्या लेकीला, किनवटला दिली होती. तिचं घर त्यांनी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. आता राज्यांची वाटणी होऊन किनवट तिकडे मुंबई राज्यात गेलं, तसे मामा आणखीच खचले.

त्या दिवशी किनवटची दफ्तरं लॉरीत चढत होती आणि चावी चुकून नायब तहसीलदार साहेबांच्या खिशात बसून दौऱ्यावर तलमडुगुला गेली होती. कोणी चप्पल आणायला पळालं, कोणी कांदा. मी पडलो चौकस. बायको म्हणते, हे सरणावर चढले तरी लाकूड कुठलं म्हणून विचारतील. मी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. तोंडाला फेस येत होता, म्हणून मामांना कुशीवर वळवलं, डोक्याखाली उपरणं सारलं. अडीच मिनिटांनी अंग सैल पडलं. मामा डोळे उघडून बघायला लागले, तरी कांदा आला नव्हता.

मी चाटच पडलो. पंधरा दिवसांनी पुन्हा झटका आला, तेव्हा चावी मुठीत होती. घड्याळात अडीचच मिनिटं.

मग मी मामांना सरकारी डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, हा मेंदूचा आजार, भूतबाधा नाही, शिवल्यानं लागत नाही. गोळी रोज घ्यायची, चुकवायची नाही. झटका बहुधा आपोआप थांबतो. पाच मिनिटांत थांबला नाही तर दवाखान्यात आणा.

परत येताना मामा रस्त्यातच थांबले.

"मंग चावी नसती, तरी मी उठलो असतो?"

"उठला असता, मामा."

"कवापासून, मुन्शीजी?"

माझी नोकरी अकरा वर्षांची, घड्याळही तेव्हाचंच. इतक्या झटक्यांत एकदाही त्याच्याकडे पाहायचं सुचलं नव्हतं. मोठा चौकस!

दोन महिने गोळ्या झाल्या. मामांनी चावी पेशकारांच्या टेबलावर ठेवली, रजा घेतली आणि माझ्याकडून एक चिठ्ठी लिहून घेतली. मोटार सुटायच्या आधी ती सगळ्यांना वाचून दाखवा म्हणाले. ज्या आजाराचं नाव मामांनी कधी तोंडातून काढलं नव्हतं, ते मी भरल्या मोटारीत मोठ्यानं वाचलं: यांना मिरगी आहे. पडले तर कुशीवर वळवा. तोंडात काही घालू नका, दाबून धरू नका. घड्याळ बघा.

"घड्याळ हाय कोणापाशी?" मागून एका बाईनं विचारलं.

कोणापाशीच नव्हतं. मी माझं सोडलं आणि मामांच्या मनगटाला बांधलं. पट्ट्याच्या शेवटच्या भोकातही ते सैलच बसलं. मामांनी ते कानाशी नेऊन चालतंय ना पाहिलं आणि किनवट यायला किती वेळ लागतो, ते विचारलं.