पाळण्याजवळचा फोन

लग्नाच्या दिवशी केसांत पिना खोचता खोचता नणंद तिला म्हणाली होती, "आमचे बाबा 'मी सोडलं' म्हणाले ना, की त्यांच्या तोंडाकडे बघू नकोस. हात कुठे आहेत ते बघ."

तिनं ते हसून कानाआड केलं. बापावर डूख धरून बसलेल्या मुली काय कमी असतात? शिवाय नणंद दुसऱ्याच दिवशी विमानात बसली आणि पुन्हा या घराकडे फिरकली नाही. तेव्हा तरी डोक्यात उजेड पडायला हवा होता. नाही पडला.

सासरे पाद्री घडवणाऱ्या सेमिनरीत धर्मशास्त्र शिकवायचे. आता निवृत्त. विद्यार्थी त्यांना पाठीमागे 'पाळणासर' म्हणत, कारण त्यांनी जन्मभर एकच प्रश्न उगाळला. त्यांच्या लुथरन पंथातल्या जुन्या पंडितांचं म्हणणं असं, की ख्रिस्त पूर्ण देव आणि पूर्ण माणूस, एकाच व्यक्तीत दोन स्वभाव. म्हणून देवपणाचं सामर्थ्य त्याच्या माणूसपणालाही मिळालेलं. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. मग तो गव्हाणीत पडून आईचं दूध पीत होता, तेव्हा त्या सामर्थ्याचं तो काय करत होता? एक पक्ष म्हणे, जवळ होतं, पण त्याचा वापर त्यानं बाजूला ठेवला होता. दुसरा म्हणे, छे, वापरत होताच, फक्त लपवून. मुठी चोखता चोखता तारे चालवत होता. पाळणासर या दुसऱ्या पक्षाचे. आणि त्यांचा मुलगा, म्हणजे तिचा नवरा, त्याच सेमिनरीत तोच विषय शिकवणारा, नेमका पहिल्या पक्षाचा. एवढ्यावरून एका घरातली माणसं एकमेकांना मीठ पुढे करायची थांबतात, हे तिला इतिहासात एमए करूनही कुणी शिकवलं नव्हतं.

मारामारी नव्हती, आरडाओरडा नव्हता. वाद जेवणाच्या टेबलावर, आणि तोही नियमानं. समोरच्याचं म्हणणं आधी आपल्या तोंडानं पूर्ण मांडायचं. तो "हो, हे माझंच" म्हणाला, की मगच उत्तर द्यायचं. कमी-जास्त झालं तर पुन्हा पहिल्यापासून. तोवर सूप गार. शंभर लबाड्या करतील, पण टेबलावर बरोबर मांडलेलं आपलं म्हणणं सासऱ्यांनी कधी नाकारलं नाही. त्यात त्यांची इज्जत होती.

तिला या सगळ्याशी घेणंदेणं नव्हतं. तिचा जीव अडकला होता चिमीच्या छातीत. चिमी आठ महिन्यांची, श्वास घेताना शिट्टी वाजे. पाळण्यामागच्या भिंतीला ओल होती. हात लावला की चुना बोटाला यायचा. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "खोली बदला. खरं तर घरच बदला. हिची छाती असली हिवाळे काढणारी नाही."

घरात कोरडी खोली एकच होती, पुस्तकांची.

"पुस्तकांना ओल सोसत नाही," सासरे म्हणाले.

"आणि चिमीला सोसते?"

"खोल्या तुमच्या आहेत, सूनबाई. मी त्यात लक्ष घालत नाही." पण पुस्तकं तसूभर हलली नाहीत.

तिनं विजेचा हीटर आणला. सासऱ्यांना तो भलताच आवडला. लाल झालेल्या तारेकडे बोट दाखवून म्हणाले, "बघ, तार तारच राहिली, पण विस्तवाचं तेज तिच्यात उतरलं. दोन स्वभाव असे एकत्र नांदतात. आमचे जुने लोक तापलेलं लोखंड दाखवायचे." ती मनात म्हणाली, तुमचे जुने लोक कुणाच्या पाळण्यापाशी जागले होते का? आणि मग तो हीटर बंद सापडू लागला. संध्याकाळी लावून स्वयंपाकघरात जावं, परत यावं तर खोली गारठलेली. नवरा म्हणे, "तूच विसरली असशील." ती डोळ्यांत तेल घालून सगळ्यावर नजर ठेवणारी, आणि म्हणे विसरली.

म्हणून तिनं बेबी मॉनिटर घेतला. एक पांढरा डबा पाळण्याशी, दुसरा स्वयंपाकघराच्या खिडकीत, तिथला आवाज इथे ऐकवणारा. सासरे त्याला शोभेचा दिवा समजत.

त्याच सुमारास डोंगरावरच्या कोरड्या हवेच्या गावातून नवऱ्याला बोलावणं आलं. तिथल्या सेमिनरीला शिक्षक हवा होता. मुलाखत झाली, प्राचार्यांनी हसत निरोप दिला, राहायला उन्हाची घरं. सासरे म्हणाले, "जा ना. मी कोण अडवणारा? मी सगळं सोडलंय." त्या वेळी तिनं त्यांच्या तोंडाकडेच पाहिलं. तोंड प्रेमळ होतं.

रविवारी दुपारी ती गाजरं चिरत होती, नवरा ताटल्या पुसत होता. "बघतो जरा चिमीकडे," म्हणत सासरे आत गेले. खिडकीतला डबा खरखरला. आधी चिमीच्या श्वासाची शिट्टी. मग पाळण्याची कुरकुर, झोका दिल्यासारखी. मग फोनची बटणं.

"प्राचार्य, मी बोलतोय. नाही हो, शिफारस नाही, तक्रारही नाही. मी सगळं सोडलंय. मुलगा हुशार आहे माझा. फक्त त्याचा ख्रिस्त पाळण्यात नुसता रडतो. असा माणूस तुमच्या पोरांपुढे उभा करायचा की नाही, तुमचं तुम्ही बघा. माझं नाव कुठे येऊ देऊ नका." थोडी शांतता. "हं. बरं केलंत."

पाळणा पुन्हा कुरकुरला. "झोप, राणी. आपल्याला कुठे जायचं नाहीये."

आणि टक्. हीटर.

नवऱ्याच्या हातातली ताटली तशीच राहिली.

"ऐकलंस?" ती म्हणाली.

"ऐकलं."

"जा आणि विचार त्यांना."

"जेवताना," तो म्हणाला.

तिनं आत जाऊन चिमीला शालीत गुंडाळून स्वयंपाकघरात आणलं. जेवायला बसल्यावर नवऱ्यानं मिठाची गुळणी धरली. चमचा फिरव, पाव मोड, चमचा फिरव. शेवटी तीच म्हणाली, "बाबा, आज तुमचं म्हणणं मी मांडते. बरोबर आहे का तेवढं सांगा."

सासऱ्यांनी चमचा खाली ठेवला. सून पहिल्यांदाच वादात उतरत होती. त्यांचा चेहरा फुलला. "वा. मांड की."

तिनं मांडलं. शब्दाला शब्द, हुंकारासकट. हं, बरं केलंत, इथपर्यंत. मग म्हणाली, "आणि आपल्याला कुठे जायचं नाहीये."



"शेवटचं वाक्य वादाचं नाही," सासरे म्हणाले. "ते चिमीला होतं."

"आणि बाकीचं?"

त्यांनी रुमालानं ओठ टिपले. "हो. हे माझंच."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. आता उठेल, आता काहीतरी फेकेल, निदान रडेल तरी. त्यानं खोल श्वास घेतला.

"नुसता रडतो असं मी कधीच म्हटलेलं नाही, बाबा. इथे भेद करावा लागेल. सामर्थ्य असणं वेगळं, ते वापरणं वेगळं."

"मग तारे कोण चालवत होतं? तुझं रडणारं पोर?"

"देवाचा शब्द, त्याचं देवपण. त्या देहाच्या बाहेरूनही..."

"बाहेरून!" सासरे खुर्चीत पुढे सरकले. "घसरलास. हे तर पलीकडच्या पंथाचं झालं. आपल्यात देहाला सोडून तो कुठेही नसतो."

"अरे, आपली नोकरी गेली," ती म्हणाली. "चिमीचं घर गेलं. तू उत्तर कशाला देतोयस?"

"थांब गं जरा, मुद्दा तुटतोय."

तेव्हा तिला नणंद आठवली. तिनं सासऱ्यांच्या हातांकडे पाहिलं. डावा टेबलावर. उजवा कोटाच्या खिशात.

"बाबा, खिशात काय आहे?"

 हात बाहेर काढून त्यांनी मिठाच्या भांड्याशेजारी एक काळं बटण ठेवलं. हीटरचं, फिरवायचं. आज मुळापासून उपटून आणलेलं. "गरम हवेनं मुलं नाजूक होतात," ते शांतपणे म्हणाले. "आणि पलीकडे पुस्तकं आहेत. उष्णतेनं बांधणी उकलते."

नवरा त्या बटणाकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं, आणि एका घटकेपुरतं तिला वाटलं, हा जागा झाला.

"बाबा," तो म्हणाला, "हे बटण तुमच्यावरच उलटतं. लपवून सामर्थ्य वापरणाऱ्या ख्रिस्ताला तुम्ही दीन झाला असं कसं म्हणणार? हे तर सोंग झालं."

सासरे खूश होऊन हसले. "सोंग म्हणतोस? आधी माझं म्हणणं मांड."

आणि तो मांडू लागला.

तिनं बटण उचललं, चिमीला उचललं, दुपट्यांची पिशवी घेतली. दाराशी जरा थांबलीही. आतून आवाज आला, "नाही, हे माझं नाही. पुन्हा मांड."

आता ती आईकडे असते, तिसऱ्या मजल्यावर, दुपारभर ऊन येणाऱ्या खोलीत. चिमीची शिट्टी थांबली. काळं बटण खिडकीत पडलेलं असतं, चिमी ते चावते. नवरा रविवारी फोन करतो. म्हणतो, मी आता वाद सोडलाय. म्हणतो, पुस्तकं वाढली म्हणून बाबांनी माझी खोली घेतली, मी चिमीच्या खोलीत झोपतो. मधेच खोकतो आणि म्हणतो, धूळ असेल. ती ये म्हणते. तो म्हणतो, एवढा एक मुद्दा संपू दे. ती स्वतः गेली तर सासरे हसून दार उघडतात आणि तो झोपलाय म्हणून सांगतात.

म्हणून सेमिनरीच्या बाजूला जाणारं कुणीही भेटलं की ती एकच काम सांगते, आणि तुम्हालाही तेच सांगते आहे. दारातून परत फिरू नका. पाणी मागा, आत जा, डावीकडच्या शेवटच्या खोलीत डोकवा. मी मजेत आहे, असं तो म्हणेल. तुम्ही त्याच्या छातीचा आवाज ऐका, आणि भिंतीला हात लावून बघा.