सोपवणीचा रविवार

वडिलांना, कल्लाप्पांना, जाऊन तीन आठवडे होत आले होते आणि एवढ्या दिवसांत सुचेताने एक गोष्ट कोणालाच सांगितली नव्हती. हॉस्पिटलमध्ये, तोंडावरचा मास्क बाजूला करून, अप्पांनी तिच्याजवळ एक नाव घेतलं होतं. ते तिच्यापाशीच राहिलं.

हेब्बाळच्या तळ्यामागे, टेक पार्कच्या कुंपणाला लागून, पत्र्याच्या खोल्यांची रांग आहे. तिथल्या शेवटच्या खोलीत दर रविवारी सकाळी वीस-बावीस माणसं जमत. निपाणी, चिक्कोडी, अथणीकडून आलेले गवंडी, रंगारी, घरकाम करणाऱ्या बाया. ही अप्पांनी प्रार्थनेला जमवलेली सातवी मंडळी. अप्पा चर्चचे पाळक नव्हते. शहरातल्याच शिवाजीनगरच्या एका वर्कशॉपमध्ये त्यांनी एकतीस वर्षं लेथ चालवली. उरलेल्या वेळात कुणाच्या तरी खोलीत चार माणसं बसवायची, प्रार्थना करायची, आजाऱ्याला भेटायचं, नवरा-बायकोचं भांडण मिटवायचं. दोन-तीन वर्षांनी त्या चौघांतलंच कुणी तयार झालं, की त्याच्या हाती सगळं सोपवून बाहेर पडायचं.

बाहेर पडायचं म्हणजे कायमचं. सोपवणीच्या रविवारी अप्पा पुढे बसत नसत. दाराशी, चपलांच्या शेजारी बसत. नव्या माणसाने मोडलेली भाकर त्याच्या हातून घेत आणि उठत. पुन्हा त्या उंबऱ्यावर पाऊल नाही. घरच्यांनीही टाकायचं नाही, नाहीतर लोक नव्या माणसाचं ऐकायचं सोडून आपल्या तोंडाकडे बघत राहतात, असं त्यांचं म्हणणं. सुचेता नऊ वर्षांची असताना अशाच एका खोलीतली तिची मैत्रीण अक्षरा कायमची सुटली. सुचेता दोन दिवस जेवली नव्हती. अप्पांनी तिला जवळ घेतलं, पण ऐकलं नाही. "लेथवरचा जॉब कातून झाला की त्याला धरणारा चक सैल करायचा, बाळ," ते म्हणाले होते. "धरून ठेवला तर दुसरा कसा चढवणार?" तिला त्यातलं काही कळलं नव्हतं. एवढं मात्र कळलं, की अप्पांना माणसं सोडता येतात.

दफन झाल्यावरच्या पहिल्या रविवारी ती फक्त आभार मानायला म्हणून हेब्बाळला गेली. नागराज रंगाऱ्याने खोलीतली एकुलती खुर्ची पुसून पुढे ओढली.

"बसा अक्का. अण्णांची लेक तुम्ही. तुम्ही नाही तर कोण?"

कुणीतरी अप्पांचं शास्त्र, त्यांचं जुनं बायबल, तिच्या हातात दिलं. तिने वाचलं. कॉलेजात इतिहास शिकवणारी, जन्मभर पुस्तकांत राहिलेली बाई. आवाज कुठे थांबवायचा, कुठे सोडायचा हे तिला नीट माहीत होतं. बायांनी डोळ्यांना पदर लावले. नंतर चहा पिताना सगळे अप्पांबद्दलच बोलत होते. म्हाताऱ्या गंगव्वाचा पाण्याचा हंडा ते कसे उचलून आणायचे, गाण्यात कसे बेसूर व्हायचे आणि तरी सगळ्यांत मोठ्याने कसे गायचे. सुचेता इंदिरानगरात राहत होती. तिथे तिच्या इमारतीत अप्पांचं नाव माहीत असलेलं माणूस नव्हतं. ती पुढच्या रविवारीही गेली आणि खुर्चीवर बसली. आता हा तिसरा.

त्या दिवशी तिने भर दुपारी विहिरीवर पाण्याला गेलेल्या बाईचा भाग वाचला. वाचून पुस्तक मिटलं. 

नागराजने शेजारच्या धनलक्ष्मीला कोपर मारल्यासारखं केलं. "धना, सांग की गं."

अप्पा असते तर असंच झालं असतं. त्यांच्या खोलीत शास्त्र वाचत नसत, सांगत. निम्म्यांना अक्षरओळख नाही, उरलेल्यांतले बरेच कन्नड वाचणारे. अप्पा एक भाग तोंडाने दोनदा सांगत, मग लोकांनी तो आपापल्या तोंडाने सांगायचा. कुणी चुकलं की बाकीचे ओरडत. हाच भाग फेब्रुवारीत धनलक्ष्मीने सांगितला होता, तेव्हा सुचेता योगायोगाने तिथे होती. "दुपारी का गेली ती? अहो, सकाळी नळावर बाया असतात ना! एकीचं तोंड उघडलं की दुसरीची घागर भरेपर्यंत बंद होत नाही. हिला ते ऐकायचं नव्हतं. ऊन परवडलं." अप्पा मांडीवर थाप मारून हसले होते.

धनलक्ष्मी इंदिरानगरात तीन घरी स्वयंपाक करायची. पस्तिशीची, काटक, बोलताना भुवया उडवणारी. आज तिने मान हलवली.

"अक्कांनी एवढं छान वाचलं. त्यावर मी काय सांगू? दुधात पाणी घालू?"

लोक हसले. गंगव्वा म्हणाली, "व्हय बाई, आता आपण ऐकायचं. सांगून सांगून दमलो होतो तसंही."

सगळे पुन्हा हसले. सुचेताही हसली, आणि हसता हसताच तिच्या लक्षात आलं की तीन रविवारांत तीच वाचत होती, या खोलीत कुणी एकही गोष्ट सांगितली नव्हती.

नंतर खोलीमागच्या नळावर कप विसळताना धनलक्ष्मी तिच्या शेजारी येऊन उकिडवी बसली. बराच वेळ एकच कप धूत राहिली.

"अक्का, अण्णा हॉस्पिटलात काही बोलले का? म्हणजे, मंडळीचं?"

"त्यांना फार बोलता येत नव्हतं."

ते खरं होतं. आणि ते सांगताना सुचेताने नळ जरा जास्तच मोठा सोडला.

"सरी, ठीक आहे," धनलक्ष्मी म्हणाली. "मीच विचारलं होतं त्यांना, आता पुढे कोण म्हणून. सांगतो म्हणाले. मग आजारीच पडले. मला वाटलं होतं... जाऊ दे. वाचता न येणाऱ्या बाईला कोण काय सोपवतंय! बघितलं असेल त्यांनी, नसेल वाटलं हिला जमेलसं."

 सुचेता कपावरचं पाणी झटकत राहिली.

तो आठवडा तिने कसा काढला ते तिलाच ठाऊक. वर्गात शिकवताना वाक्य मध्येच तुटायचं. आपण खोटं बोललो, एवढंच असतं तर तिने ते पोटात घातलं असतं. पण मेलेल्या माणसाच्या तोंडी तिने एक नकार घातला होता. धनलक्ष्मी ज्या अप्पांना आठवत असेल, ते आता तिच्यावर विश्वास न ठेवता गेलेले अप्पा होते.

चौथ्या रविवारी नागराजने खुर्ची ओढली तेव्हा ती बसली नाही.

"मला एक सांगायचंय. अप्पांनी जाण्याआधी नाव सांगितलं होतं. धनलक्ष्मीचं."

कुणी खोकलं. नागराजच्या हातात खुर्चीची पाठ तशीच राहिली. "बघा! मी म्हणत होतो ना," तो म्हणाला, आणि मग इतरांच्या तोंडाकडे बघून गप्प झाला.

धनलक्ष्मी जागची उठली नाही.

"परवा नळावर मी विचारलं, तेव्हा माहीत होतं तुम्हाला?"

"हो."

"मग?"

सुचेताने येताना बसमध्ये बरीच वाक्यं जुळवली होती. ती सगळी तिने सोडून दिली. "इथे आलं की अप्पा अजून असल्यासारखे वाटतात," ती म्हणाली. "नाव सांगितलं असतं तर मला जावं लागलं असतं."

"जायला कशाला पाहिजे?" गंगव्वा कळवळून म्हणाली. "ती अण्णांची रीत होती. अण्णाच राहिले नाहीत, आता कसली रीत? हिला पुढं बसू दे, तू पण बस. आम्हाला काय दोघी जड हाईत?"

दोघा-तिघांनी माना डोलावल्या. एवढं सोपं होतं ते. सुचेताने धनलक्ष्मीकडे पाहिलं. तिने नुसतं 'बसा' म्हटलं असतं, तरी ती बसली असती.

धनलक्ष्मी म्हणाली नाही. तिने विचारलं, "काय म्हणाले? नेमकं सांगा. तुमच्या भाषेत नको, त्यांच्या."

"'धना आहे,' म्हणाले."

"एवढंच?"

"एवढंच. दोनदा."

धनलक्ष्मीने पदर तोंडावर घेतला. अप्पांच्या दफनाला ती रडली नव्हती, सगळ्यांना पाणी वाटत फिरत होती. आता तिचे खांदे हलत होते आणि कुणालाच तिच्या अंगाला हात लावायचं धाडस होत नव्हतं. मग तिने नाक पुसलं, उठली, खुर्ची भिंतीला लावून ठेवली आणि सतरंजीवर पुढे जाऊन बसली.

"सरकून बसा सगळे. नागराजण्णा, तो दरवाजा उघडा टाका, स्वल्प हवा येऊ दे."

सुचेता दाराशी बसली. धनलक्ष्मीने प्रार्थना केली. ती अडखळली, एक वाक्य तिने दोनदा म्हटलं. मग भाकर मोडली आणि एकेकाच्या हातावर ठेवत दारापर्यंत आली. सुचेताने दोन्ही हात पुढे केले. धनलक्ष्मीने तुकडा ठेवला; तिच्याकडे पाहिलं नाही. क्षमा अजून झाली नव्हती. ती व्हायला इथे येत राहावं लागलं असतं.

"पुढच्या रविवारी कुठला भाग घ्यायचा गं?" गंगव्वाने विचारलं, आणि सवयीने सुचेताकडे वळून पाहिलं. वीस तोंडं तिच्याकडे वळली. सुचेताला उत्तर माहीत होतं. तिने मान खाली घातली आणि चपला पायात सरकवल्या.

"इकडं विचार की, गंगव्वा," पुढून धनलक्ष्मीचा आवाज आला. "मी सांगते."

सुचेता रिंग रोडवर आली तेव्हा उन्हं चढली होती. बसथांब्यावर एक बाई कन्नडमध्ये फोनवर भाजीचे भाव सांगत होती. बस आली, सुचेता चढली, खिडकीजवळ बसली. अप्पांना अण्णा म्हणणारी सगळी माणसं मागे राहिली होती. कंडक्टर समोर येऊन उभा राहिला आणि कुठे जायचं म्हणून त्याला तीनदा विचारावं लागलं.