हात न टेकता

मी खुर्ची बोलतेय. आल्यागेल्याला ‘बसा’ म्हणायची रीत असते, पण मी म्हणणार नाही. उभ्यानंच ऐका. त्या शब्दानं आमच्या घराचं काय केलं ते कळलं, की तुम्हीही मला नावं ठेवणार नाही.

शाळेच्या बाकांसाठी सागवान आणलं होतं, त्याच्या उरल्यासुरल्या फळ्यांतून मी झाले. सुतारानं चार भक्कम पाय लावले, पाठ ताठ ठेवली आणि हातांना मात्र लाकूड पुरलं नाही. “हात कशाला हवेत? मास्तर काय वर्गात लोळायला येणारेत?” असं म्हणून त्यानं मला तशीच नेऊन ठेवली.

त्याचं म्हणणं खरं निघालं. मास्तर माझ्यावर बसलेच तर घटकाभर. बाकी सारा वेळ फळ्याशी उभे, नाहीतर बाकांमधून फेऱ्या. माझ्या पाठीवर नुसता त्यांचा कोट. आवाज खणखणीत आणि शिक्षा एकच, उठाबशा. “धर कान! हं, खाली, वर!” पोरगं माझ्यासमोर घामाघूम व्हायचं आणि बाकीची फिदीफिदी हसायची. छडी त्यांनी कधी उगारली नाही, हे मात्र मी त्यांच्या बाजूनं सांगते.

मास्तर निवृत्त झाले तेव्हा शाळेत चाकांच्या खुर्च्या आल्या होत्या. माझी रवानगी अडगळीत व्हायची, पण मास्तरांनी मला घरी आणलं, खिडकीशी ठेवलं आणि म्हणाले, “आयुष्यभर उभा राहिलो. आता बसणार.”

“बसा हो, खुशाल बसा,” त्यांची बायको म्हणाली. “तुमचा हक्कच आहे.”

आणि मास्तर बसले. आधी सकाळी तळ्यापर्यंत फिरून तरी यायचे. मग थंडीचं निमित्त झालं, मग गुडघ्याचं, मग निमित्ताचीही गरज उरली नाही. पाणी हवं, “अगं!” चष्मा हवा, “अगं!” ती बिचारी हातातलं काम टाकून यायची. “तुम्ही बसा, मी आणते.” इकडची काडी तिकडे करायची वेळ तिनं त्यांच्यावर येऊ दिली नाही. तिची माया खरी होती हो. पण त्या मायेनं मास्तरांचे पाय खाल्ले.

मला ते सगळ्यांच्या आधी कळलं. पूर्वी ते अलगद टेकायचे, आता धपकन आदळू लागले. उठताना आधी हात गुडघ्यांवर, मग माझ्या कडांवर, मग बायकोच्या खांद्यावर. “हं, उठा!” म्हणून ती त्यांना ओढायची आणि मग भिंतीला धरून आपली कंबर चोळायची. मास्तरांची तिकडे पाठ असायची.

एकदा मास्तर न्हाणीघरात पडले. हाड वाचलं, पण डॉक्टर म्हणाले पायांत काही जोर उरलेला नाही, आणि त्यांनी व्यायाम शिकवणारी एक मुलगी घरी पाठवली. चुणचुणीत पोर. आल्या आल्या तिनं मला ठोकून पाहिलं.

“आजोबा, ही खुर्ची झकास आहे. हात न टेकता उठायचं, हात न टेकता बसायचं. रोज, जमेल तेवढं, दम खात खात. सोप्या उठाबशाच म्हणा ना!”

झालं! मास्तरांचा पारा चढला.

“उठाबशा? मी? अगं, मी जन्मभर काढायला लावल्या. आता या वयात कान धरण्यासारखा काय गुन्हा केलाय मी?”

“शिक्षा नाही हो आजोबा, व्यायाम आहे. आजींनी तुम्हाला किती दिवस उचलायचं? उद्या त्याच पडल्या तर?”

“तिला काय धाड भरलीय? दिवसभर भिंगरीसारखी फिरते.”

“राहू दे गं पोरी,” बायको मध्ये पडली. “मी आहे ना उठवायला. तुम्ही बसा हो.”

मुलीनं परत येऊनही समजावलं. शेवटी तिनंच हात टेकले.

मग ती दुपार आली. जेवणं उरकली होती. स्वयंपाकघरात पातेलं पडल्याचा आवाज झाला.

“काय पाडलंस गं?” मास्तरांनी विचारलं.

“अहो...”

इतक्या क्षीण आवाजात तिनं त्यांना कधी हाक मारली नव्हती. मास्तरांना कळलं. त्यांनी माझ्या कडा धरून जोर लावला, बूड जरासं उचललं, पाय सरकले आणि ते पुन्हा माझ्यावर आदळले. पुन्हा उठू गेले, पुन्हा आदळले. “आलो गं, आलो!” स्वयंपाकघर हाकेच्या अंतरावर होतं. हाक पोचत होती, माणूस पोचत नव्हता. मास्तरांनी शेजारच्या शिंप्याला ओरडून ओरडून बोलावलं, पण त्याचं मशीन चालू होतं. ते थांबलं तेव्हा उन्हं उतरली होती, आणि मास्तरांचा तो खणखणीत आवाज पार बसला होता. तरी ओठ हलतच होते. आलो गं, आलो.

“जरा लवकर आणलं असतं तर...” दवाखान्यात डॉक्टर एवढंच म्हणाले. हे शिंप्यानं येऊन सांगितलं आणि मास्तरांनी ते माझ्यावर बसूनच ऐकलं.

बायको घरी आली ती खाटेवर. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. एकच शब्द तेवढा राहिला. लेक परगावाहून येऊन राहिली. तिला मास्तर म्हणाले, “त्या व्यायामाच्या मुलीला बोलाव. आणि ही खुर्ची भिंतीला टेकव, सरकायला नको.”

मुलगी आली. या खेपेला तो शब्द तिनं काढलाच नाही. मास्तरच म्हणाले, “उठाबशा काढायच्यात. सांग.”

तिनं पाय कुठे ठेवायचे, पुढे किती वाकायचं ते दाखवलं. मास्तरांनी दोन्ही हात उचलले आणि आपले कान धरले.

“आजोबा, हे काय? हात छातीशी धरा.”

“टेकायचे नाहीत ना? मग राहू देत इथेच.”

मुलीनं तोंड खिडकीकडे फिरवलं. मास्तर त्या दिवशी उठू शकले नाहीत, नुसते माझ्यावर आदळत राहिले. मला लागत होतं, पण मी म्हटलं, आदळा.

आता उठतात. पाय लटलटतात, पण उठतात. मग भिंत धरत, निम्मं पाणी सांडत, पेला घेऊन आतल्या खोलीत जातात. खाटेवरून ती तिला उरलेला एकच शब्द म्हणते.

“बसा.”

“नको गं,” मास्तर म्हणतात. “उभाच बरा आहे.”

तुमच्याही घरात माझ्यासारखी एखादी असेलच. तिच्यावर बसा, आम्ही त्यासाठीच आहोत. पण हात न टेकता उठता येतंय का, ते आजच बघा, पायांत जोर आहे तोवर. घरातून कुणी हाक मारली, तर नुसतं ‘आलो’ म्हणून भागत नाही. जाता यावं लागतं.